कॅनडात शिकायला जाताय? पीआरचा हिशेब कोर्स निवडतानाच मांडा

कॅनडात पदवी मिळाली म्हणून पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा दर्जा, आपोआप मिळत नाही. मध्ये किमान एक वर्षाची कुशल नोकरी, एक भाषापरीक्षा आणि गुणांची स्पर्धा असते. ज्यांचं गणित फसतं त्यांतल्या बऱ्याच जणांची चूक पीआरच्या अर्जात सापडत नाही. ती तीन-चार वर्षं आधी, कॉलेज निवडताना किंवा पहिली नोकरी स्वीकारताना झालेली असते. म्हणून हा लेख सुरुवातीपासून, ज्या क्रमाने निर्णय घ्यावे लागतात त्याच क्रमाने लिहिला आहे.

साखळी अशी आहे: स्टडी परमिट, अभ्यासक्रम पूर्ण, पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याचा परवाना (पुढे पीजीडब्ल्यूपी), एक वर्षाचा कॅनेडियन अनुभव, एक्स्प्रेस एन्ट्रीत (पीआरसाठी गुणांवर निवड करणारी सरकारी ऑनलाइन पद्धत) प्रोफाइल, अर्ज करण्याचं निमंत्रण, अर्ज, पीआर. पीजीडब्ल्यूपी आयुष्यात एकदाच मिळतं, त्यामुळे सगळं नियोजन त्याच्याभोवती करायचं.

कोर्स आणि कॉलेज

कॉलेज 'डेझिग्नेटेड लर्निंग इन्स्टिट्यूशन' आहे, म्हणजे परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यता असलेल्या संस्थांच्या यादीत आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. त्या यादीत असल्याने स्टडी परमिट मिळू शकतं, पण त्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक कोर्सला पीजीडब्ल्यूपी मिळतंच असं नाही. सर्वात जास्त फसवणूक इथेच होते. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम खासगी कॉलेजच्या इमारतीत शिकवला जातो असे करार कॅनडात होते. १५ मे २०२४ नंतर अशा कोर्सला प्रवेश घेणाऱ्यांना पीजीडब्ल्यूपी मिळत नाही. प्रवेशपत्रावर नाव सरकारी कॉलेजचं असलं तरी वर्ग कुठे भरणार आहेत हे लेखी विचारा.

त्यानंतर कालावधी. आठ महिन्यांपेक्षा लहान कोर्सला पीजीडब्ल्यूपी नाही. आठ महिने ते दोन वर्षांच्या आतला कोर्स असेल तर जेवढा कोर्स तेवढंच परमिट. दोन वर्षं किंवा अधिक असेल तर तीन वर्षं. मास्टर्सला मात्र १५ फेब्रुवारी २०२४ पासून सवलत आहे: कोर्स वर्षभराचा असला तरी तीन वर्षांचं परमिट मिळू शकतं. एक वर्षाचा पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेट आणि एक वर्षाचं मास्टर्स यांची फी जवळपास सारखी वाटली तरी पहिल्याला एकच वर्ष मिळतं. त्या एका वर्षात नोकरी शोधून शिवाय पूर्ण वर्षाचा अनुभव जमवणं जवळजवळ अशक्य आहे.

शाखेची अटही आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटसाठी अर्ज करणाऱ्यांना डिप्लोमा-सर्टिफिकेटसारख्या कोर्सेसवर पीजीडब्ल्यूपी हवं असेल, तर तो कोर्स सरकारने ठरवलेल्या क्षेत्रांच्या यादीत असावा लागतो. बॅचलर्स, मास्टर्स आणि पीएचडीला ही अट नाही. यादी कोर्सच्या नावावर चालत नाही, सहा अंकी सीआयपी कोडवर (अभ्यासक्रमांच्या वर्गीकरणाचा क्रमांक) चालते. 'बिझनेस' नावाचे दोन कोर्स शेजारी शेजारी असतात आणि त्यांचे कोड वेगळे निघतात. प्रवेश निश्चित करण्याआधी कॉलेजकडून तो कोड ईमेलवर मागवून घ्या आणि त्या दिवशीच्या यादीचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. यादी बदलत असते. स्टडी परमिटच्या अर्जाच्या दिवशी किंवा पीजीडब्ल्यूपीच्या अर्जाच्या दिवशी, यांपैकी एका वेळी कोर्स यादीत असला तरी चालतं.

पैशाचं थोडक्यात: फी आणि प्रवासखर्च सोडून, एकट्या विद्यार्थ्याने १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर राहण्याच्या खर्चासाठी दाखवावे लागतात. झटपट निकाल देणारी एसडीएस योजना ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली. जुन्या माहितीपत्रकांत ती अजून दिसते, तिच्यावर विसंबू नका. आणि जोडीदाराला ओपन वर्क परमिट (कोणत्याही मालकाकडे काम करण्याचा परवाना) हवं असेल तर मास्टर्सचा कोर्स किमान १६ महिन्यांचा असायला हवा.

शिकत असताना

पीजीडब्ल्यूपीसाठी प्रत्येक सत्रात फुल-टाइम विद्यार्थी असणं गरजेचं आहे. शेवटचं सत्र तेवढं पार्ट-टाइम चालतं. मध्येच एखादा विषय सोडला आणि फुल-टाइमच्या किमान क्रेडिटखाली गेलात, तर ते ट्रान्सक्रिप्टवर कायमचं नोंदलं जातं आणि दोन वर्षांनी अधिकारी नेमकं तेच पाहतो. आजारपणामुळे थांबावं लागलं तर कॉलेजची लेखी मंजुरी आणि डॉक्टरचं पत्र घ्या. सुट्टी १५० दिवसांच्या पुढे जाऊ देऊ नका. कॉलेज बदलायचं असेल तर आधी नवं स्टडी परमिट लागतं, नुसतं ऑनलाइन खात्यात नाव बदलून भागत नाही.

सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येतं, ठरलेल्या सुट्ट्यांत पूर्णवेळ. रोख पैसे देऊन ३० तास काम देणारे मालक भेटतात. ते जास्तीचे सहा तास पुढे पीजीडब्ल्यूपी आणि पीआर दोन्ही अडचणीत आणू शकतात. शिवाय फुल-टाइम विद्यार्थी असताना केलेलं काम, को-ऑपसुद्धा (अभ्यासक्रमाचाच भाग असलेली नोकरी), कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लासच्या (एक्स्प्रेस एन्ट्रीतला, कॅनडातल्या अनुभवावर चालणारा गट) एका वर्षात धरलंच जात नाही. त्या कामातून ओळखी आणि शिफारस मिळवा, पीआरची अपेक्षा ठेवू नका.

निकाल लागल्यापासूनचे दिवस

हा टप्पा लहान आहे, पण यात दोन घड्याळं एकाच वेळी चालतात. पहिलं १८० दिवसांचं: अभ्यासक्रम पूर्ण झाल्याची लेखी सूचना मिळाल्यापासून इतक्या दिवसांत पीजीडब्ल्यूपीचा अर्ज करावा लागतो. दुसरं ९० दिवसांचं: कोर्स पूर्ण झाल्यावर ९० दिवसांनी स्टडी परमिट आपोआप निकामी होतं, त्यावर पुढची तारीख छापलेली असली तरी. '१८० दिवस आहेत, घाई कशाला' म्हणून चौथ्या महिन्यात अर्ज करणाऱ्याकडे तेव्हा वैध दर्जाच उरलेला नसतो. मग दर्जा पूर्ववत करण्याचा वेगळा अर्ज, वेगळी फी, आणि तोवर कामबंदी.

उलट स्टडी परमिट वैध असतानाच अर्ज केला, तर निकाल येईपर्यंत पूर्णवेळ काम करता येतं आणि ते काम पीआरसाठी मोजलंही जातं. म्हणून निकालाची वाट पाहायच्या आधीच हे तयार ठेवा:

- आयईएलटीएस जनरल, सेल्पिप जनरल किंवा पीटीई कोअरचा निकाल. पदवीधरांना चारही कौशल्यांत (ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं) सीएलबी ७, म्हणजे कॅनडाच्या इंग्रजी भाषापातळीच्या मापात ७, लागतं, कॉलेजच्या डिप्लोम्याला सीएलबी ५. प्रवेशासाठी दिलेली आयईएलटीएस अॅकॅडेमिक इथे चालत नाही. ही चूक दरवर्षी होते आणि परीक्षेची तारीख मिळेपर्यंत ९० दिवस निघून जातात.
- कमीत कमी साडेतीन वर्षं शिल्लक असलेला पासपोर्ट. परमिट पासपोर्टच्या मुदतीपुढे दिलं जात नाही. पासपोर्टला चौदा महिने उरले असतील तर परमिटही चौदा महिन्यांचंच हाती पडतं आणि उरलेला काळ मागायला वेगळा अर्ज करावा लागतो. शेवटच्या सत्राच्या सुरुवातीलाच नूतनीकरण करून घ्या.
- कोर्स पूर्ण झाल्याचं पत्र आणि अंतिम ट्रान्सक्रिप्ट. पदवीदान समारंभाची वाट पाहण्याची गरज नाही.

यातला एखादा कागद अर्जासोबत नसेल तर 'नंतर पाठवतो' चालेल असं गृहीत धरू नका.

कोणती नोकरी मोजली जाते

कॅनडात प्रत्येक व्यवसायाला पाच अंकी एनओसी कोड (सरकारी व्यवसाय-वर्गीकरणाचा क्रमांक) असतो. त्यातला दुसरा अंक म्हणजे टीअर. हा अंक ०, १, २ किंवा ३ असेल तरच ती नोकरी कुशल अनुभव म्हणून धरतात. ४ आणि ५ बाद. सॉफ्टवेअर डेव्हलपर २१२३२, म्हणजे टीअर १. प्रशासकीय सहायक १३११०, टीअर ३. स्वयंपाकी ६३२००, टीअर ३. दुकानातला विक्रेता ६४१००, टीअर ४, बाद. दुकानातला सुपरवायझर ६२०१०, टीअर २, चालतो. हिशेबाच्या कामात तर फरक फारच सूक्ष्म आहे: अकाउंटिंग क्लार्क १४२०० टीअर ४ मध्ये, बुककीपर १२२०० टीअर २ मध्ये.

हे वाचून मालकाकडून पदाचं नाव बदलून घेण्याचा मोह होतो. त्याचा उपयोग नाही, कारण अधिकारी पद पाहत नाही, रोजची कामं पाहतो. त्या कोडच्या वर्णनातलं मुख्य काम आणि बहुतांश यादीतली कामं तुम्ही प्रत्यक्ष करत असाल तरच कोड टिकतो. म्हणून नोकरी स्वीकारतानाच ऑफर लेटर आणि कोडचं वर्णन शेजारी ठेवून वाचा. सुपरवायझरच्या नावाखाली गल्ल्यावर उभं राहायचं असेल, तर ते वर्ष पीआरच्या दृष्टीने वाया गेलं असं समजा आणि शोध चालू ठेवा.

तासांचा हिशेब: एक वर्ष म्हणजे १,५६० तास, आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास धरून. आठवड्याला ६० तास राबून सहा महिन्यांत वर्ष पूर्ण होत नाही. आठवड्याला १५ तासांचं काम असेल तर दोन वर्षं लागतात. अनुभव सलग नसला तरी चालतो, दोन-तीन मालकांकडचा मिळूनही चालतो, पण तो मागच्या तीन वर्षांतला हवा. बिनपगारी रजेवर घरी गेलात तर ते आठवडे वजा करा. नेमक्या ५२ व्या आठवड्याला प्रोफाइल भरू नका. दोन-तीन आठवडे जास्त जाऊ द्या.

आणखी एक सापळा. काही छोटे मालक 'आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टर म्हणून या, हातात जास्त पडतील' असं सांगतात. कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लासमध्ये स्वयंरोजगार मोजत नाहीत. पगारपत्रक नसेल, वर्षाअखेरीस टी-४ फॉर्म (मालकाने दिलेला पगार आणि करकपातीचा दाखला) मिळणार नसेल आणि तुम्हीच बिल पाठवत असाल, तर तुम्ही कर्मचारी नाही. पहिल्याच पगाराच्या वेळी हे तपासा.

गुणांचं गणित

पात्रता म्हणजे फक्त रांगेत उभं राहण्याची परवानगी. निमंत्रण मिळतं ते सीआरएस गुणांवर, म्हणजे एक्स्प्रेस एन्ट्रीतल्या क्रमवारीच्या गुणांवर. एकट्या अर्जदाराचा हिशेब मांडून पाहू: वय २७, कॅनडातलं मास्टर्स, कॅनडात एक वर्ष नोकरी, त्याआधी भारतात दोन वर्षांची कुशल नोकरी, आणि आयईएलटीएसमध्ये सीएलबी ९, म्हणजे लिसनिंग ८ आणि बाकी तिन्हींत ७.

वयाचे ११०, शिक्षणाचे १३५, इंग्रजीचे १२४ (प्रत्येक कौशल्याला ३१), कॅनेडियन अनुभवाचे ४०. बेरीज ४०९. शिक्षणाच्या जोडगुणांची (शिक्षणाला इंग्रजी आणि कॅनेडियन अनुभवाची जोड असल्याचे गुण) कमाल ५०, ती पूर्ण मिळते. भारतातल्या अनुभवाला इंग्रजीच्या जोडीने २५ आणि कॅनेडियन अनुभवाच्या जोडीने १३, असे ३८. कॅनडात मास्टर्स केल्याचे ३०. एकूण ५२७.

आता याच माणसाला लिसनिंगमध्ये ८ ऐवजी ७.५ मिळाले असं धरा. त्या एका कौशल्याचे ८ गुण गेले. शिवाय चारही कौशल्यं सीएलबी ९ ला नसल्याने भारतीय अनुभवाच्या २५ चे १३ झाले. एकूण ५०७. अर्ध्या बँडला २० गुण. २०२५ मध्ये कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लासच्या निमंत्रण-फेऱ्यांत किमान गुण साधारण ५१५ ते ५४७ या पट्ट्यात राहिले, म्हणजे एकाच्या हाती निमंत्रण आणि दुसरा वाट पाहत बसलेला. परीक्षा पुन्हा देण्याचा खर्च कुठल्याही सल्लागाराच्या फीपेक्षा सार्थकी लागतो, तो इथे. निकालाची मुदत दोन वर्षं असते. ती प्रोफाइलच्या दिवशी आणि अंतिम अर्जाच्या दिवशीही शिल्लक हवी.

डिप्लोमा केलेल्यांसाठी एक ठळक सूचना: भारतातल्या पदवीचं शैक्षणिक मूल्यमापन, म्हणजे ईसीए, करून घ्याच. दोन वर्षांच्या कॅनेडियन डिप्लोम्याचे एकट्याचे ९८ गुण. ईसीएत भारतीय पदवी तीन वर्षांची किंवा जास्त ठरली तर दोन्ही मिळून १२८. त्यातून जोडगुणही ३८ वरून ५० होतात (सीएलबी ९ आणि एक वर्षाचा अनुभव धरून). म्हणजे ४२ गुणांचा फरक, केवळ विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मागवण्याचा कंटाळा केल्यामुळे. ट्रान्सक्रिप्टला विद्यापीठात महिने लागू शकतात. कॅनडाला निघण्याआधीच ते काम उरका. मास्टर्सच्या तुलनेत डिप्लोमावाला तरीही २२ गुणांनी मागे राहतो, शिक्षणात ७ आणि कॅनडातल्या शिक्षणाच्या बोनसमध्ये १५.

वय २९ पर्यंत गुण पूर्ण असतात, तिशीला पाच कमी होतात आणि पुढे दरवर्षी साधारण पाच-सहा. दुसरं कॅनेडियन वर्ष मात्र १३ गुण देतं, आणि वरच्या उदाहरणात जोडगुणांतही १२ ची भर घालतं. त्यामुळे पहिल्या वर्षी निमंत्रण नाही आलं तर घाबरून नोकरी सोडण्यापेक्षा टिकून राहणं फायद्याचं. नोकरीच्या ऑफरचे ५० किंवा २०० गुण २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले आहेत. पैसे घेऊन 'ऑफर लेटर' विकणाऱ्यांकडे आता विकायलाही काही उरलेलं नाही. लग्न झालं असेल तर दोघांपैकी प्रत्येकाला मुख्य अर्जदार धरून दोनदा हिशेब करा. उत्तर अनेकदा अनपेक्षित येतं.

गुण कमी पडले तर

आमच्या मते सर्वात दुर्लक्षित मार्ग फ्रेंचचा आहे. टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा परीक्षेत चारही कौशल्यांत एनसीएलसी ७ (फ्रेंचसाठीचं सीएलबीसारखं माप) मिळालं आणि इंग्रजी चांगलं असेल, तर दुसऱ्या भाषेचे १२ आणि वर ५०, असे ६२ गुण. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फ्रेंच जाणणाऱ्यांच्या वेगळ्या फेऱ्या होतात; २१ मार्च २०२५ च्या फेरीत ३७९ गुणांवर निमंत्रण गेलं. शून्यापासून तिथे पोचायला रोजचा नेमका अभ्यास दीड-दोन वर्षं करावा लागतो, म्हणून तो पहिल्या सत्रात सुरू करायचा, पीजीडब्ल्यूपी संपत आल्यावर नाही. आरोग्यसेवा, शिक्षण आणि कुशल कारागिरीच्या व्यवसायांसाठीही वेगळ्या फेऱ्या निघतात.

प्रांताचं नामांकन मिळालं तर ६०० गुण मिळतात आणि निमंत्रण जवळपास नक्की होतं. पण २०२५ मध्ये प्रांतांचे कोटे निम्म्यावर आले होते आणि योजना उघडतात-बंद होतात, तेव्हा एकाच प्रांताच्या एका योजनेवर भिस्त ठेवू नका.

न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि न्यूफाउंडलँड-लॅब्राडोर या चार प्रांतांत अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्रॅम आहे. तिथे दोन वर्षांचा मान्य कोर्स केला आणि पदवीआधीच्या दोन वर्षांत किमान १६ महिने तिथे राहिलात, तर कामाच्या अनुभवाची अट माफ होते; मान्यताप्राप्त मालकाची नोकरी मात्र हवी. इथे सीआरएस गुणांची स्पर्धाच नाही. सडबरी, थंडर बे, ब्रँडन अशा गावांसाठीही ग्रामीण योजना आहे. टोरोंटोत भाडं भरत बसण्याआधी या गावांत नोकरी देणाऱ्या मालकांची यादी एकदा वाचा. क्वेबेकची निवडपद्धत पूर्णपणे वेगळी आहे आणि फ्रेंचवर चालते. 'माँट्रियलमध्ये शिकून नंतर बघू' हा बेत फ्रेंचशिवाय करू नका.

निमंत्रणानंतरचे ६० दिवस

निमंत्रण आल्यावर अर्जाला ६० दिवस मिळतात, मुदतवाढ नाही. जी कागदपत्रं इतरांच्या हातात आहेत ती आधीच मागवून ठेवा.

मालकाचं पत्र लेटरहेडवर, सहीसह: पद, रुजू तारीख, आठवड्याचे तास, पगार आणि प्रत्यक्ष कामं. 'चांगला कर्मचारी होता' अशा प्रशस्तिपत्राचा उपयोग नाही. कामं एनओसीच्या वर्णनातून शब्दशः उतरवू नका, संशय येतो. तुमच्या कामाच्या भाषेत लिहा. भारतातल्या नोकरीचे गुण घेतले असतील तर तिथलंही असंच पत्र लागेल, सोबत फॉर्म १६ आणि पगारपत्रकं. जुनी कंपनी बंद पडण्याआधी किंवा ओळखीचा मॅनेजर जाण्याआधी ते घेतलेलं बरं.

मागच्या दहा वर्षांत जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचं पोलिस प्रमाणपत्र लागतं. कॅनडाचं लागत नाही. भारताचं प्रमाणपत्र तिथला शेवटचा दीर्घ मुक्काम संपल्यानंतरचं हवं, त्यामुळे निघण्याआधी काढलेलं जुनं पोलिस प्रमाणपत्र (पीसीसी) चालत नाही. वैद्यकीय तपासणी २१ ऑगस्ट २०२५ पासून अर्जाआधीच करावी लागते. तिची वेळ मिळायला आठवडे लागू शकतात.

महाराष्ट्रातल्या मुलांना नावाचा प्रश्न हमखास येतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. सगळीकडे पासपोर्टप्रमाणे नाव भरा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. फॉर्ममध्ये 'पूर्वी वापरलेली इतर नावं' या रकान्यात गुणपत्रिकेवरचा क्रमही नोंदवा.

फी २०२४ मध्ये एका प्रौढासाठी १,५२५ डॉलर झाली आणि ती दर दोन वर्षांनी वाढवतात. कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लासमध्ये बँकेतली शिल्लक दाखवावी लागत नाही.

पीजीडब्ल्यूपी संपत आलं असेल तर ब्रिजिंग ओपन वर्क परमिट, म्हणजे पीआरचा निकाल येईपर्यंत काम चालू ठेवण्याचा परवाना, मागता येतं. त्यासाठी नुसतं निमंत्रण पुरत नाही. अर्ज दाखल होऊन पोच मिळालेली हवी. म्हणून परमिटच्या शेवटच्या सहा महिन्यांपर्यंत गाडं ढकलू नका.

अर्जातली एक खोटी ओळ, एजंटने तुमच्या नकळत भरलेली असली तरी, पाच वर्षांची बंदी आणू शकते. सही तुमची असते. फी घेऊन सल्ला देणारा माणूस वकील किंवा कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवानाधारक असायला हवा; त्यांच्या सार्वजनिक यादीत नाव स्वतः शोधा. ऑनलाइन खात्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा आणि पाठवलेल्या अर्जाची पूर्ण प्रत मागून घ्या.

पीआर मिळाल्यावर पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात असणं बंधनकारक आहे. नागरिकत्वासाठी पाच वर्षांत १,०९५ दिवस लागतात, आणि विद्यार्थी किंवा वर्क परमिटवर काढलेला प्रत्येक दिवस त्यात अर्धा धरला जातो, जास्तीत जास्त ३६५ दिवसांपर्यंत. त्यासाठी प्रत्येक प्रवासाच्या येण्याजाण्याच्या तारखा पहिल्या विमानापासूनच एका वहीत लिहून ठेवा. पाच वर्षांनी पासपोर्टवरचे पुसट शिक्के वाचत बसावं लागणार नाही.